स्विफ्ट विकायची कशाला?

प्रश्न, थोडक्यात: पुण्यातल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र आहे. वय सत्तेचाळीस, घर कोथरूडला. शहरातल्या तीन-चार हॉस्पिटलांत त्यांच्या केसेस असतात आणि रात्री-अपरात्री बोलावणंही येतं. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घराचं कर्ज फिटलं, आणि कॉलेजपासून मनात असलेली स्पोर्ट्स कार आता घ्यायचीच असं त्यांनी ठरवलंय. बजेट ३० लाख. दोन जुन्या गाड्या बघून झाल्यात. एक २०१६ची ऑडी टीटी: एमएच-१२ पासिंग, दुसरा मालक, ४८ हजार किलोमीटर, मागणी २८ लाख. दुसरी २०१४ची बीएमडब्ल्यू झेड-फोर: दिल्ली पासिंग, तिसरा मालक, ३१ हजार किलोमीटर, मागणी २६ लाख. सोसायटीत पार्किंग एकच. म्हणून आत्ताची स्विफ्ट विकायची, नवी गाडी रोज हॉस्पिटलला न्यायची आणि शनिवार-रविवारी घाटात, असा बेत आहे. यजमान म्हणतात, 'तुझं तू बघ.' आई म्हणते, 'या वयात हे काय!' यातली कुठली घेऊ?

उत्तर:

डॉक्टर, नमस्कार.

आधी आईंचं. या वयातच घ्यायची असते. विशीत पैसे नव्हते आणि सत्तरीत गुडघे त्या सीटवरून उठू देणार नाहीत. तेव्हा हा विषय इथेच संपवू.

टीटीबद्दल तुमच्या पत्रात मुद्दे आहेत: सर्व्हिसची कागदपत्रं पूर्ण आहेत, डिकी बरी आहे, चारही चाकांना ताकद जाते म्हणून पावसात भरवशाची. झेड-फोरबद्दल मात्र तुम्ही लिहिलंय की विक्रेत्याने बटण दाबलं, छत मागे दुमडून गेलं आणि डोक्यावर बाणेर रोडचा गुलमोहर आला. मन कुठे आहे ते यातून कळतंच. तरी तुम्ही विचारताय, कारण हीच गाडी रोज सकाळी कर्वे रोडने न्यायची म्हटल्यावर तुमचाच धीर सुटतो. तो सुटतोय ते बरोबरच आहे. फक्त त्यावरून 'मग टीटी घ्यावी' असा निष्कर्ष निघत नाही. माझं म्हणणं असं की घोडं अडलंय पार्किंगच्या जागेपाशी, आणि ती अडचण ३० लाखांच्या मानाने किरकोळ आहे.

तुमचा रोजचा दिवस बघा. सकाळी साडेसातची पहिली केस, मग दुसरं हॉस्पिटल, मग तिसरं. त्यातल्या दोन ठिकाणी किल्ली दारातल्या माणसाकडे द्यावी लागते असं तुम्हीच लिहिलंय. तो ती गाडी बेसमेंटच्या उतारावरून खाली नेणार. उतार संपून जमीन सपाट होते, नेमकं तिथे लांब नाकाच्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. आणि झेड-फोरचं नाक चांगलंच लांब आहे, ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो. ओरखडा बंपरच्या खालच्या कडेला पडतो, उभं राहून दिसतही नाही. (म्हणून जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेल्यावर आधी उकिडवं बसावं आणि मोबाइलचा टॉर्च बंपरच्या खालून मारावा. मागच्या मालकाने गाडी कशी हाकली ते तिथे दिसतं. वरचा रंग काय, पॉलिश मारून कुणीही चकाचक करतं.)

त्यात रात्री दोनचा फोन. तेव्हा गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. तुमची स्विफ्ट होते. दहा-बारा वर्षांची जर्मन गाडी वर्षातले बहुतेक दिवस होईल, पण एखाद्या दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून बसेल. मग वर्कशॉपवाला म्हणेल, पार्ट बाहेरून येतोय, दहा-पंधरा दिवस लागतील. शनिवारची गाडी असेल तर त्याचं फारसं काही वाटणार नाही. एकुलती एक गाडी असेल तर ऑपरेशन टेबलवरच्या पेशंटला हे कोण सांगणार?

म्हणून माझं पहिलं सांगणं: स्विफ्ट विकू नका. शेजारच्या सोसायटीत किंवा एखाद्या बंगल्याच्या आवारात झाकलेली जागा भाड्याने बघा. कोथरूडला मुलं परदेशी आणि पार्किंग रिकामं अशी घरं कमी नाहीत. सोसायटीच्या वॉचमनला विचारलंत तर आठवड्यात दोन-चार ठिकाणं कळतील. भाडं महिना काही हजार जाईल. रोज वापरलेल्या स्पोर्ट्स कारला एकाच पावसाळ्यात जो खर्च येतो त्यापुढे ते काहीच नाही. भाड्याच्या जागेत स्विफ्ट ठेवा, नवी गाडी स्वतःच्या डोळ्यांसमोर. आठवड्याचे पाच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला पुण्यात चोरांपेक्षा उंदरांचा त्रास जास्त. एका रात्रीत वायरिंग कुरतडून ठेवतात. बोनेट अधूनमधून उघडून बघायचं आणि बॅटरीला मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी उतरू न देणारा) लावायचा, यासाठी गाडी हाताशी हवी.

आता हिशेब. जुनी महागडी गाडी घेताना बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. टीटीची ही पिढी २०१५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ६० लाखांच्या वर होती. झेड-फोरचं सुधारित मॉडेल २०१३च्या अखेरीस आलं ते जवळपास ६९ लाखांना. आज त्या २६-२८ लाखांत मिळतात, पण त्यांचे पार्ट, मजुरी आणि टायर आजही साठ-सत्तर लाखांच्या गाडीचेच आहेत. स्वस्त झाली ती फक्त खरेदी. ३० लाखांचं बजेट म्हणजे २८ची गाडी आणि दोन लाख हातात, असं धरू नका. पाच-सहा लाख बाजूला काढून ठेवा आणि २४-२५मध्ये काय मिळतं ते बघा. पहिल्या वर्षात टायर, ब्रेक, सगळी तेलं, बॅटरी आणि एखादा अनपेक्षित पार्ट, हे होतंच. झालं नाही तर पैसे तुमचेच आहेत.

विम्याचंही तसंच. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली की क्लेममध्ये धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, आणि प्लास्टिक-रबराच्या पार्टवर तर गाडी कितीही नवी असो ५० टक्केच. नव्या गाडीला झीरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेऊन हे टाळता येतं; इतक्या जुन्या गाडीला ते द्यायला कंपन्या सहसा राजी नसतात. म्हणजे पुढचा बंपर आणि हेडलाइट गेला तर बिलाचा मोठा हिस्सा तुमच्या खिशातून. ज्या गाडीची किल्ली रोज दोन अनोळखी माणसांच्या हातात जाणार, तिच्यासाठी हे ध्यानात ठेवा.

एवढं सांगून आता खुद्द गाड्यांकडे येतो.

तुम्हाला एकच गाडी ठेवायची असती तर दोन्हींपैकी टीटी, हे मी डोळे झाकून सांगितलं असतं. दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती, क्वाट्रो (ऑडीची चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा), सहा गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे नळ स्टॉपच्या सिग्नलला कोरड्या क्लचच्या गाड्यांपेक्षा कमी तापतो. तरी ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंच-इंच सरकवायची सवय सोडावी लागेल. पुढे जागा होऊ द्यायची आणि मगच निघायचं. मागच्या सीट नावालाच आहेत, पण पाडल्या की सामान भरपूर मावतं. घाटात म्हणाल तर ती झेड-फोरपेक्षा चपळ आहे. पसरणीच्या वळणांवर किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळीत टीटी जशी हातात राहते तशी झेड-फोर राहत नाही. झेड-फोर वजनाला जड, छताची सगळी यंत्रणा अंगावर वागवणारी. ती रमतगमत न्यायची गाडी आहे. वेगाने वळणं घेण्यातच तुमचा आनंद असेल तर, गुलमोहर कितीही आवडला तरी, टीटी घ्या. याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमच्याकडेच आहे.

पण पत्रावरून मला तसं वाटत नाही. तुम्ही टीटीच्या वेगाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्हाला छत उघडून, सहा सिलिंडरचा आवाज ऐकत, पहाटे कुठेतरी जायचंय. मग ती गाडी झेड-फोर आहे आणि तिच्याकडून डिकीची, मायलेजची, आईंच्या गुडघ्यांची अपेक्षा धरू नये. ती सगळी कामं स्विफ्ट करेल. फक्त छत उघडण्याचे दिवस किती, याचा प्रामाणिक हिशेब आधी मांडा. पुण्यात ते दिवाळी ते शिमगा, तेही सकाळी नऊच्या आत. त्यानंतर ऊन, मग पाऊस, आणि शहरात बारा महिने धूळ. ताम्हिणीत पावसाळ्यातल्या रविवारी गेलात तर छत बंद करून पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत उभ्या राहाल. हे चालणार असेल तर पुढे वाचा.

झेड-फोरचं तीन लिटरचं ट्विन-टर्बो इंजिन, ३०६ अश्वशक्तीचं, फार गोड आहे आणि तेवढंच नखरेल. त्याचा उच्च दाबाचा इंधन पंप कुप्रसिद्ध आहे. २०१० मध्ये अमेरिकेत याच पंपापायी या इंजिनाच्या गाड्या बीएमडब्ल्यूने परत बोलावल्या होत्या. तुमची गाडी नंतरची आहे, तरी सकाळी थंड इंजिनावर सुरू करून बघायलाच हवी. विक्रेत्याला सांगा, 'मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका,' आणि गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर गप्पा मारून परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. स्टार्टर बराच वेळ फिरला आणि मग इंजिनाने धरलं तर पंप किंवा इंजेक्टर. अॅक्सिलरेटर सोडताना पत्र्याचा खडखडाट आला तर टर्बोचे वेस्टगेट (जादा दाब सोडणाऱ्या झडपा) ढिले. या इंजिनाचा पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि जाताना सांगून जात नाही: गाडी तापते आणि तिथेच थांबावं लागतं. तो बदललाय का ते बिलात शोधा. नसेल बदलला तर त्याचे पैसे किमतीतून वजा करा.

छत तीनदा उघडा-बंद करा. मध्ये अडखळलं, एका बाजूने आधी गेलं, हायड्रॉलिकचा आवाज रडका आला, तर सौदा तिथेच थांबवा. छत बंद करून त्यावर नळीने पाच-दहा मिनिटं पाणी सोडायला सांगा, मग डिकीतला गालिचा उचलून खाली हात फिरवा. छताच्या कडेच्या पन्हाळींची भोकं पाल्याने तुंबली की पाणी आत उतरतं. ओला वास, गंजलेला स्क्रू, नवाच टाकलेला गालिचा, तिन्हींचा अर्थ एकच.

टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा-बारा वर्षांत ३१ हजारच चाललेल्या गाडीचे टायर बहुधा झिजलेले नसतील, पण रबर कडक झालेलं असेल. ओल्या रस्त्यावर हेच टायर दगा देतात. झेड-फोरचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे, त्यात रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे: स्टेपनी नाही, अदलाबदल नाही, आणि एका खड्ड्यात कडेला फुगा आला की तो टायर कायमचा गेला. चारही टायरांचे पैसे हिशेबात धरा.

आणि ३१ हजार हा आकडा खरा आहे का? स्टिअरिंगचं चामडं, ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बघा. तीन मालकांच्या गाडीत हे तिन्ही गुळगुळीत झालेले आणि मीटर ३१ हजारांवर असेल तर किलोमीटर मागे घेतलेत. चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसचं किलोमीटर मिळतं. तुम्हाला देणार नाहीत, पण मालकाने मागितलं तर देतील. मालक मागायला का-कू करत असेल तर तेच उत्तर समजा.

टीटीच्या बाबतीत तपास सोपा आहे. गिअरबॉक्सचं तेल ६० हजारांना बदलायचं असतं, म्हणजे तुमच्या हातात आल्यावर लवकरच. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचं तेल वेगळं. ते बदललेलं असायला हवं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या पंपाच्या डब्यातून कुलंट पाझरणं हा या इंजिनाचा नेहमीचा आजार. कुलंटची टाकी खाली गेलेली आहे का बघा. बाकी गाडी दणकट आहे.

दोन्हींपैकी कुठलीही पसंत पडली तरी पैसे देण्याआधी ती त्या-त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये किंवा जर्मन गाड्यांच्या जाणत्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून तपासून घ्या. तपासणीचं बिल तुम्ही भरा, विक्रेत्याला भरू देऊ नका. पेट्रोलच्या झाकणामागचा स्टिकरही वाचा. या गाड्या १० टक्के इथेनॉल धरून बनलेल्या आहेत, पंपावर मात्र आता २० टक्क्यांचं मिळतं. महिनोन्महिने टाकीत तसंच पडून राहू देऊ नका.

आता दिल्ली पासिंगचं, कारण झेड-फोर दोन लाखांनी स्वस्त आहे ती उगाच नाही. दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली, तेव्हापासून तिथल्या दहा-बारा वर्षांच्या गाड्या पडत्या भावात निघतात आणि आपल्याकडे येतात. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून, पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवून मिळते. तुमच्या झेड-फोरला ती वेळ २०२९ मध्ये येईल, टीटीला २०३१ मध्ये. पण त्याआधी तिला इथे आणून एमएच नंबर घ्यावा लागेल: दिल्लीची एनओसी, चोरीची नोंद नसल्याचा दाखला, कर्जाचा बोजा उतरवल्याचं बँकेचं पत्र, थकलेली ई-चलनं, आणि इथला रोड टॅक्स नव्याने. आयात केलेल्या गाड्यांना आपल्याकडे हा टॅक्स चढ्या दराने लागतो. गाडीच्या आजच्या घसरलेल्या किमतीवर लागला तरी दोन लाखांचा फायदा त्यात विरून जायची शक्यता मोठी. आरटीओत किंवा एखाद्या एजंटाकडे नेमका आकडा काढून घ्या आणि मग बोलणीला बसा.

विक्रेत्याने 'एनओसी देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा' असं म्हटलंय ना? ते मान्य करू नका. त्याला सांगा, एमएच-१२ करून माझ्या नावावर लावून द्या, सगळे पैसे त्या दिवशी. तोवर थोडी रक्कम, तीही चेकने आणि लेखी करार करून. हे इतरांनाही सांगतो, मग गाडी आठ लाखांची असो की अठ्ठावीस: परराज्यातल्या गाडीचे पूर्ण पैसे आरसीवर आपलं नाव येईपर्यंत देऊ नयेत. आणि कर्ज काढून घेणार असाल तर आधी बँकेला विचारा. दहा वर्षांच्या पुढच्या गाडीला बऱ्याच बँका दारही उघडत नाहीत.

आणखी एक, खास त्यांच्यासाठी ज्यांना दुसऱ्या गाडीची सोय खरोखरच नाही. रोज चालवायची, चार माणसं बसवायची, आणि रविवारी मजाही हवी, तर या दोन्हींकडे बघूच नका. २०१७ मध्ये आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस शोधा. टीटीच्याच कुळातलं २३० अश्वशक्तीचं इंजिन, चार दारं, ५९० लिटरची डिकी, आणि हॉस्पिटलच्या दारात कुणी वळून बघणार नाही. काहींना हा तिचा दोष वाटतो. मला तो गुण वाटतो. मोजक्याच आल्यामुळे चांगली मिळायला वेळ लागेल, इतकंच.

तर डॉक्टर, स्विफ्ट ठेवून झेड-फोर, पण हीच झेड-फोर असा हट्ट नको. थंड इंजिन, छत, किलोमीटर आणि कागद या चारही गोष्टी जमल्या आणि नावावर करून देण्यासकट भाव २३-२४च्या आसपास आला तर घ्या. यातली एक जरी अडली तर टीटीवाल्याला फोन करा, किंवा नुसतं थांबा. विक्रेता 'आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात, टोकन द्या' असं म्हणेलच. दोन सीटची, दहा-बारा वर्षांची, परराज्यातली गाडी घेणारी माणसं पुण्यात फार नाहीत. अशी गाडी महिनोन्महिने जाहिरातीत पडून असते. त्याची जाहिरात कधीपासून लागलीये ते बघा आणि टोकन देऊ नका.